घासलेला नंबर

"साहेब, गाडी कोणी बनवली हो?"

हा प्रश्न मी दहा वर्षं ऐकला. स्टिअरिंगवर मी, किल्ली माझी, नखांत काळं ग्रीस माझ्या, आणि प्रश्न मात्र शेजारच्या सीटवर बसलेल्या माझ्या नवऱ्याला. नवरा एका ऑफिसात कारकून. त्याला स्कूटरचा प्लगसुद्धा साफ करता येत नाही, आणि तसं तो छाती ठोकून सांगतो. तो माझ्याकडे अंगठा दाखवून म्हणायचा, "हिनं." की झालं, विचारणारा खो खो हसायचा. साहेब काय मस्त गंमत करतात! माझं डोकं असं सटकायचं की मी पहिला गिअर टाकून पेट्रोलपंपावरून सुसाट निघायचे आणि नवरा म्हणायचा, "अगं, टाकीचं झाकण राहिलं की तिथंच." मग परत जा, झाकण घ्या, आणि त्याच माणसाचं तेच हसू पुन्हा बघा.

गाडी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. आठशे सीसीची पांढरी, चौकोनी, छोटी गाडी. त्या काळी नाशकातल्या अर्ध्या डॉक्टर-वकिलांच्या दारात तीच उभी असायची. मी ती एका डॉक्टरकडून जुनी घेतली, चार वर्षं वापरलेली. अंबडच्या कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसला होते. पगार माझा, सही माझी, कागदपत्रांवर नाव माझं.

माझे वडील पंचवटीत पौरोहित्य करायचे. आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तरी एकीला मागं सरकावं लागतं, तिथं गाडी कुठून शिरणार? मी ती खाली गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या पटांगणात लावली आणि पूजेला वडिलांना बोलावलं. त्यांनी अगदी साग्रसंगीत पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, चाकांखाली लिंबं. तेवढ्यात त्यांचे कोणी यजमान तिथून चालले होते. त्यांनी विचारलं, "गुरुजी, नवी गाडी?" वडील हसून म्हणाले, "जावईबापूंची."

जावईबापूंची! जावईबापू तिथंच उभे होते, हातात नारळ धरून. मी तो नारळ हिसकावला आणि दगडावर असा आपटला की पाणी यजमानांच्या धोतरावर उडालं. वडिलांना नंतर विचारलं, असं का सांगितलंत? ते म्हणाले, "अगं, लोकांना पटेल असं सांगावं. उगाच चार प्रश्न कशाला?" त्यावर काय बोलणार, कपाळ?

गाडी बदलायचं वेड मला कुठून लागलं ते सांगता येत नाही. एवढंच खरं की कारखान्यात दिवसभर मी दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढायचे आणि ती यंत्रं दुसरेच कोणी बनवायचे. मला स्वतःच्या हातानं काहीतरी करायचं होतं. पहिल्या वर्षी नुसती चाकं बदलली, रुंद टायर घातले. मग आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवली. मग सायलेन्सर. एकदा हात लागला की थांबवत नाही.

गॅरेजवाल्यांची गंमत तर विचारूच नका. मी विचारायचे, कार्ब्युरेटरचा जेट बदलला तर पिकअप किती वाढेल? उत्तर नवऱ्याला मिळायचं. नवरा आलेला नसेल तर, "ताई, साहेबांना घेऊन या ना, म्हणजे नीट बोलता येईल." एकानं तर मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "सीट कव्हर बघायचेत का?" खाऊ का गिळू असं झालं मला. चहा तसाच टाकून मी उठले.

अशी चार गॅरेजं फिरून वडाळा नाक्याकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पोचले. तिथं साठीकडे झुकलेले एक मिस्त्री गाडीखाली झोपून काम करत होते. नुसते पाय दिसत होते. मी माझं पालुपद सुरू केलं. खालून आवाज आला, "आवाज पाहिजे का ताकद?" मी म्हटलं, "ताकद." मग ते बाहेर आले, फडक्याला हात पुसले, माझ्याकडे बघितलं, बाजूला उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, मग बॉनेट खोल."

मला! बॉनेट खोल, मला म्हणाले! त्या एका वाक्यासाठी मी दहा वर्षं त्या शेडमध्ये गेले. शनिवारी अर्धा दिवस आणि रविवार पूर्ण. मी त्यांना चाचा म्हणायला लागले. त्यांनी मला पाना कुठं किती ताणायचा, इंजिनाचा आवाज कानानं कसा ओळखायचा हे शिकवलं. ते स्वतः माझ्या गाडीला फारसा हात लावायचे नाहीत. शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि चुकलं की जीभ टाळूला लावून 'च्यक' करायचे. तेवढंच. त्या च्यकला मी फार घाबरायचे.

बाकी जगाला मात्र गाडीचा नुसता वैताग होता. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत मीटिंग भरली. विषय काय, तर गाडीचा आवाज. अध्यक्ष नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही सुशिक्षित माणूस, हे शोभतं का?" मी तिथंच बसले होते, चिवड्याची बशी हातात धरून. मी म्हटलं, "गाडी माझी आहे." ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही यात पडू नका."

रस्ते तर बोलायलाच नको. सिंहस्थाच्या आधी सगळ्या नाशकात रस्ते असे गुळगुळीत केले की मला वाटलं, चला, आता आपले दिवस आले. डोंबल! वर्षाच्या आत त्यांच्यावर गतिरोधक उगवले. ज्याला वाटेल तो आपल्या दारासमोर सिमेंटचा उंचवटा घालतोय. माझी गाडी जमिनीपासून जेमतेम वीतभर. प्रत्येक गतिरोधकाला नवऱ्याला खाली उतरवायचं, गाडी तिरकी करून एकेक चाक वर चढवायचं, पलीकडे नवऱ्याला पुन्हा घ्यायचं. मागं रिक्षावाले बोंबलतायत. कॉलेज रोडपासून घरापर्यंत नवरा एकदा सात वेळा उतरला. सातव्यांदा म्हणाला, "मी चालतच येतो, तू हो पुढं." आणि खरंच माझ्या आधी घरी पोचला.

गाडीवेड्या पोरांचं एक टोळकं होतं. रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळीच्या टपरीवर सगळे जमायचे आणि एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालायचे. मीही जायचे. एकदा त्यातला एक माझं इंजिन अर्धा तास न्याहाळून म्हणाला, "वहिनी, दादांनी भारी हौसेनं केलंय हां काम." रश्श्याची वाटी त्याच्या डोक्यावर ओतावी असं वाटलं. मी टपरीसमोर उभी राहून बोंब मारली, "दादांनी नाही, मी केलंय! प्रत्येक नट मी बसवलाय!" सगळ्यांनी बॉनेटमधून डोकी बाहेर काढली. नंतर कोणीतरी हळूच विचारलं, "मग त्या चाचांनी काय केलं?" म्हणजे नवरा नाही तर चाचा. मी सोडून कोणीही.

हे सगळं इतकं सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात माझा हा राग फार कामाचा आहे.

गाडी घेतल्यावर दुसऱ्या वर्षी मी इंजिन पूर्ण उतरवलं. सिलिंडर घासून मोठे करायचे होते. त्याच आठवड्यात चाचा मालेगावला भाचीच्या लग्नाला गेले. शेडची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. "सिलिंडर बोर करून आणून ठेव, बाकी मी आल्यावर," असं बजावूनही गेले. पण मी कशाची थांबतेय!

इंजिन समोर बाकावर होतं, उघडं, धुतलेलं. ओतीव लोखंडाचा तो खरखरीत पृष्ठभाग माझ्या डोळ्यांना खुपत होता. ड्रॉइंगवर आम्ही पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा ते त्रिकोण काढून दाखवायचो. एक त्रिकोण म्हणजे ओबडधोबड, तीन म्हणजे आरशासारखा. माझ्या हातून आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांवर तीन त्रिकोण पडले होते. म्हटलं, माझ्या इंजिनाला का नकोत? मी कानस घेतली. नवऱ्याला पॉलिश पेपर आणायला मेनरोडला पिटाळलं. दोन दिवस घासत बसले. कडा घासल्या, ओतकामाची टेंगळं घासली. एका बाजूला छोटी सपाट पट्टी होती, तिच्यावर इंजिनाचा नंबर ठोकलेला. वाकडे, खोल-उथळ आकडे, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. किती गबाळं काम! आधी वाटलं, आकड्यांच्या नुसत्या कडा साफ करू. कडा साफ करता करता आकडे पुसट झाले. पुसट तर आणखी वाईट दिसायला लागले. मग म्हटलं, जाऊ दे, चासीवर नंबर आहेच की. नवरा बाजूला उभा होता. म्हणाला, "हे चालतं का गं?" मी खेकसले, "तुला काय कळतंय?" आणि पूर्ण घासून टाकलं. वर चांदीसारखा रंग मारला. इतकं देखणं इंजिन अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं.

चाचा परत आले. त्यांनी सगळीकडून बघितलं, मान डोलावली. मग त्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि च्यक केलं.

"बेटा, इथं नंबर होता."

"चासीवर आहे ना, चाचा."

"कागदात जे लिहिलंय ते गाडीच्या अंगावर पाहिजे."

"कोण बघतंय एवढं?" मी म्हटलं. चाचांनी पाना माझ्या हातात दिला. इंजिन बसवायला घेतलं. खरंच कोणी बघितलं नाही. पुढची नऊ वर्षं.

मग गाडीला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांनी गाडी पुन्हा पासिंगला न्यावी लागते. पास झाली तर नवं आयुष्य, नाही झाली तर भंगार. आमच्या टोळक्यात पासिंगची एक रीत होती. बदललेला प्रत्येक मूळ भाग आम्ही जपून माळ्यावर ठेवायचो. पासिंगच्या आधी आठवडाभर सगळं पुन्हा जसंच्या तसं जोडायचं, गाडी अगदी गरीब गाय करून टाकायची, आणि पास झाली की परत सगळं बदलायचं. मीही माळ्यावरून जुनी बारीक चाकं काढली, जुना सायलेन्सर, जुन्या स्प्रिंगा, जुनी पुळचट सीटं. चाचांच्या शेडमध्ये आठवडा घालवून सगळं जोडलं. गाडी त्या डॉक्टरच्या दारात उभी असायची तशी दिसायला लागली. सगळं आठवलं मला. फक्त तेवढं आठवलं नाही.

खोटं कशाला बोलू? आठवलं होतं. चाचांनी एकदा आठवणही करून दिली होती. मी म्हटलं होतं, "इतक्या गाड्या येतात, कोण वाकून बघतंय?"

तर त्या माणसानं वाकून बघितलं. पासिंगच्या मैदानावर रांगेत माझी गाडी अकरावी. इन्स्पेक्टर साहेब तरणे होते, शांत, कामाला चोख. चासीच्या नंबरवर पातळ कागद ठेवून त्यांच्या माणसानं पेन्सिल घासली. कागदावर आकडे लख्ख उमटले. मग दुसरा कागद घेऊन तो इंजिनाकडे वळला. फडक्यानं पट्टी पुसली, कागद ठेवला, पेन्सिल घासली. कागद करडा झाला. त्यानं पुन्हा घासली. आणखी करडा. आकडा एकही नाही. त्यानं तो कागद साहेबांना दाखवला.

साहेबांनी नवऱ्याला विचारलं, "इंजिन नंबर कुठे गेला?"

नवऱ्यानं नेहमीसारखा अंगठा माझ्याकडे केला. यावेळी कोणी हसलं नाही.

साहेब आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं की घासलेला नंबर म्हणजे इंजिन चोरीचं असू शकतं, नंबर खोडणं हा गुन्हा आहे. पोलिसांकडे चौकशी होईल, ज्यानं घासला त्याचा जबाब लागेल. इंजिन चोरीचं नाही अशी खात्री झाली तर नवा नंबर ठोकून मिळेल. नाही तर गाडी जप्त. त्यांच्या माणसानं समोरच्या काचेवर खडूनं फुली मारली. गाडी तिथंच ठेवून आम्ही रिक्षानं घरी आलो. रिक्षाभर मी त्या इन्स्पेक्टरला शिव्या घातल्या. नवरा म्हणाला, "त्यानं त्याचं काम केलं गं." मी त्यालाही शिव्या घातल्या.

चार दिवसांनी चौकीत बोलावलं. मला, नवऱ्याला आणि जिथं काम झालं त्या गॅरेजच्या मालकाला, म्हणजे चाचांना. रात्रभर झोप नव्हती. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. अगदी सोपं होतं. 'नंबर मी घासला. अडाणीपणानं घासला. इंजिन तेच आहे, डॉक्टरांचे जुने कागद बघा.' बास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सरकारी कागदावर लिहून घेणार होतं की या गाडीचं काम मी केलंय. हा विचारही मनात येऊन गेला, खोटं नाही सांगत.

पण सकाळी ऑफिसला सुट्टी सांगायला फोन केला तेव्हा आमचे मोठे साहेब म्हणाले, "लवकर परत या. तुमचं प्रमोशनचं पत्र वर गेलंय." ड्रॉइंग ऑफिसची प्रमुख. आमच्या कारखान्यात त्या खुर्चीवर तोवर बाई बसली नव्हती. आणि मी चालले होते पोलिसात गुन्हा कबूल करायला.

चौकीतल्या साहेबांचं टेबल छोटं होतं. समोर दोन खुर्च्या. नवरा आणि मी बसलो. चाचा मागं उभे राहिले, धुतलेला सदरा घालून, टोपी नीट करून. साहेबांनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं.

"नंबर कोणी घासला?"

मी तोंड उघडलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नव्हतं. माझ्या डोक्यावरून ते मागं बघत होते, चाचांकडे. खोलीत पंखा फिरत होता. मी मान वळवली. चाचा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, काकुळतीनंही नाही. मी पाना हातात घेतला की स्टुलावर बसून बघायचे तसे. मी पुन्हा समोर वळले आणि टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत बसले. किती वेळ, देव जाणे.

"मी घासला साहेब," मागून आवाज आला. "साफ करताना. गलती झाली."

"मला वाटलंच," साहेब लिहायला लागले. "बाईमाणूस कशाला घासायला जाईल?"

हेच वाक्य! हेच, ज्याच्यावर मी दहा वर्षं पेटून उठत होते. पंपावर, सोसायटीत, मिसळीच्या टपरीवर. कुठं गेला होता तो माझा राग? टपरीवरच्या पोरांसमोर घसा फोडून ओरडणारी मी, त्या खुर्चीत दातखीळ बसल्यासारखी बसले. चाचांनी सही केली. मी बघत राहिले. सही करताना त्यांच्या अंगठ्याचं ग्रीस कागदाला लागलं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "गाडी सुटेल बेटा. चल, मला नमाजला उशीर होतोय." आणि सायकलवर बसून गेले. घरी जाताना नवरा एकच वाक्य बोलला. "पॉलिश पेपर मी आणून दिला होता तुला." दोन महिने आम्ही धड बोललो नाही.

गाडी सुटली. जुन्या कागदांवरून इंजिनाची खात्री पटली, त्याच पट्टीवर नवा नंबर ठोकला गेला. ओळ वाकडी, आकडे ओबडधोबड. प्रमोशनही झालं. वडिलांनी पेढे वाटले आणि यावेळी यजमानांना सांगितलं, "आमच्या मुलीला खुर्ची मिळाली." जावईबापूंना नाही, मुलीला. तो पेढा मी तसाच बशीत ठेवला.

चाचांचं नाव मात्र चौकीतल्या वहीत गेलं. नंबर खोडणारा मिस्त्री. नाशकात कुठं गाडी चोरीला गेली की शेडसमोर जीप उभी राहायची. नुसती चौकशी, दोन प्रश्न, शेडभर एक नजर. मारझोड नाही, काही नाही. पण जीप उभी दिसली की गिऱ्हाईक रस्त्यावरूनच वळतं. आमच्या टोळक्यातल्या पोरांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. "वहिनी, तिथं लफडी आहेत म्हणे," असं एकानं मलाच सांगितलं. मलाच! मी काय केलं? "हो का?" म्हटलं.

एकदा न राहवून शेडमध्ये गेले. दुपारची वेळ, एकही गाडी आत नव्हती. चाचा स्टुलावर बसून एक जुना कार्ब्युरेटर साफ करत होते. मी गेले आणि, माझा स्वभावच असा मेला, त्यांच्यावरच भडकले. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये बोलायला? मी बोलणारच होते! एक मिनिट थांबला असतात तर!"

त्यांनी च्यक केलं नाही. कार्ब्युरेटर खाली ठेवला.

"थांबलो होतो बेटा," ते म्हणाले. "तू मागं बघितलंस, मग पुढं बघितलंस. मग मला कळलं. कोणीतरी तर बोलायला पाहिजे होतं ना."

मी म्हटलं, मी उद्याच जाते, खरं सांगते. ते म्हणाले, "बघ. तुझी मर्जी." मी गेले नाही. उद्या नाही, परवा नाही. मला कोणी धरून ठेवलं नव्हतं. चौकी माझ्या ऑफिसच्या वाटेवर होती, रोज तिच्यासमोरून जायचे मी. दोन वर्षांत शेड बंद झाली. आता चाचा, त्या वयात, दुसऱ्याच्या गॅरेजवर रोजानं कामाला जातात. तिथला मालक त्यांना अरेतुरे करतो.

गाडी मी पासिंगनंतर पुन्हा बदलली नाही. बारीक चाकं, जुना सायलेन्सर, तशीच चालवते. इंजिन मात्र आतून तेच आहे, माझं.

परवा एका रविवारी कधी नव्हे ते मिसळीच्या टपरीवर गेले. सगळी नवी पोरं होती, कोणी ओळखत नव्हतं. त्यांच्यात एक मुलगी होती, इंजिनिअरिंगला असेल. तिच्या नखांत ग्रीस होतं. माझी गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकून ती धावत आली, बॉनेट उघडायला लावलं, वाकून बराच वेळ बघितलं. मग सरळ झाली. नवरा माझ्या शेजारी उभा होता. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"मॅडम, हे तुम्ही केलंय ना? तुम्ही स्वतः?"

दहा वर्षं मी ज्या प्रश्नासाठी जगाशी भांडले, तो हा. असा आला, फुकटात, मिसळ खाऊन झाल्यावर.

"हो," मी म्हटलं. "मीच केलंय." आणि त्या पट्टीवर बोट ठेवलं. "हा नवा नंबर दिसतो ना? इथला जुना नंबरही मीच घासला होता. माझ्या हातानं."

तिनं डोळे मोठे केले. "अय्या! मग पोलिसांनी तुम्हाला काही केलं नाही?"

"मला नाही," मी म्हटलं. "दुसऱ्याला केलं."